ताईला बोलायची परवानगी नव्हती

ताईची गाडी मी अकरा वर्षं चालवली. गाडी म्हणजे मागे फळ्या ठोकलेली पांढरी व्हॅन. पातेली घसरू नयेत म्हणून त्या फळ्यांना मी जुन्या टायरच्या पट्ट्या मारल्या होत्या. दोनशे माणसांचं सूप भरून चढावरून नेलं तरी थेंब सांडायचा नाही, आणि याचा मला फार अभिमान होता.

ताई वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळेच तिला ताई म्हणायचे. भाजीवाला म्हणायचा, हॉलचे मॅनेजर म्हणायचे, एकदा तर गाडी अडवणारा पोलीसही म्हणाला. नवरा लवकर गेला. मग तिने दवाखान्यातल्या नर्सबायकांना डबे द्यायला सुरुवात केली. डब्यांचे वाढदिवस झाले, वाढदिवसांची लग्नं झाली, आणि पुढे एका गॅरेजचं शटर बदलून, फरशी टाकून तिने त्यात स्वयंपाकघर थाटलं. भिंतीला काळ्या तेलाचे डाग शेवटपर्यंत होते. ती म्हणायची, "इथे आधी गाड्यांची पोटं बरी करायचे, आता माणसांची भरतो."

तिला एकच भीती होती, जेवण कमी पडण्याची. शंभराची ऑर्डर असली की सव्वाशेचं रांधायची. पाहुणे जेवायला बसले की ती दाराआड उभी राहून त्यांच्या ताटांकडे बघत राहायची. स्वतः कधी बसून जेवली नाही. पातेल्याच्या तळाचं काहीतरी डावातच घेऊन, उभ्या उभ्या.

तिच्यासोबत तिची धाकटी बहीण होती. हिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. संसार मोडून ती ताईकडे राहायला आली आणि वाढण्याचं सगळं काम तिने उचललं. टेबलं लावणं, ताटं मांडणं, पाहुण्यांशी बोलणं. ताईला माणसांपुढे दोन वाक्यं बोलायची तर कपाळाला घाम यायचा. चिमणी मात्र म्हाताऱ्यांना पदार्थ फुंकून द्यायची, लहान मुलांना त्यांच्या बुटांचा रंग विचारायची. धंदा दोघींच्या नावावर होता. ताईने तसा आग्रहच धरला होता. म्हणाली, उद्या मला काही झालं तर हिचं हक्काचं काहीतरी असू दे.

विमा घ्यायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. पण मोठ्या हॉलवाल्यांनी नियम काढला की केटररकडे विम्याचा कागद असल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. पाहुण्याला काही झालं, कोणी घसरलं, कोणाला अन्न बाधलं, तर भरपाई कोण देणार? मग एक एजंट आला. त्याच्याकडे चार पानांची प्रश्नावली होती.

"तुम्ही समारंभात फटाके उडवता का?"

"अहो, आम्ही भात शिजवतो," ताई म्हणाली.

"हत्ती, घोडे वगैरे प्राणी?"

चिमणी म्हणाली, "हे दादा आहेत ना, आमची गाडी चालवतात. यांना धरा."

आम्ही पोट धरून हसलो. दोघींनी सह्या केल्या. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून हॉलवाल्यांना दाखवायला गाडीत ठेवला. वाचला कोणीच नाही.

पाच वर्षं तो नुसता गाडीत होता.

मग चष्म्यांची दुकानं असलेल्या एका कंपनीचं दुपारचं जेवण आलं. कंपनीला पंचवीस वर्षं झाली होती. एकशे चाळीस माणसं, एक वाजता. चिमणीला आणि वाढणाऱ्या बायकांना मी नऊ वाजताच हॉलवर सोडून परत आलो. गॅरेजमध्ये शिरलो तर ताई पातेल्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी. पांढऱ्या सॉसमधल्या भाज्या हा तिचा हुकमी पदार्थ, आणि नेमकं त्याचं क्रीम फाटलं होतं. पातेल्यात नुसत्या गुठळ्या आणि पाणी.

"दादा, धावत जा. काजू आणा. तुकडा चालेल, पाकळी चालेल, जे मिळेल ते आणा."

मी आणले. तिने गरम पाण्यात घातले, मिक्सरमधून काढले, नवीन सॉस केला आणि त्यात ती पेस्ट ओतली. चाखून बघितलं. तोंडावर कळा आली.

"क्रीमपेक्षा बरं झालं हो," ती म्हणाली. "चिमणीला सांगायला हवं, काजू घातलेत म्हणून. कोणी विचारलं तर."

मी म्हटलं, हो. आणि तेवढ्यात बर्फवाल्याचा फोन आला की बर्फाची गाडी बंद पडलीय. ताई त्या भानगडीत अडकली. मी पातेली चढवली, ताई फोन कानाला लावूनच गाडीत बसली. हॉलवर पोचल्यावर मीच ते पातेलं उचलून चिमणीच्या समोर, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर ठेवलं. ती मला म्हणाली, "दादा, शर्ट उलटा घातलाय." मी खाली बघितलं. ती हसली. उलटा नव्हता. काजूंचं माझ्या ध्यानातही नव्हतं.

त्या कंपनीत भिंगं बसवायचं काम करणारी एक मुलगी होती, चोवीस वर्षांची. ताट हातात घेऊन तिने चिमणीला विचारलं, "यात काजू, बदाम असं काही आहे का? मला चालत नाही."

"नाही बाळा," चिमणी म्हणाली. "यात मैदा, लोणी आणि क्रीम. बिनधास्त खा."

शंभर वेळा वाढलेला पदार्थ. ती खोटं बोलली नव्हती.

मुलीने खाल्लं. थोडा केकही घेतला. तो केक कंपनीवाल्यांनी बाहेरून मागवला होता, त्याच्या वरच्या थरावर बदामाचे काप होते. मुलीने काप असलेला थर काढून खालचा तुकडा खाल्ला. तोही चिमणीनेच कापून दिला होता. पाच मिनिटांत मुलीचे ओठ सुजले. तिची औषधाची सुई पर्समध्ये होती आणि पर्स खाली कुलूपबंद खोलीत. किल्ली असलेला माणूस जेवायला बसला होता. अँब्युलन्स आली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच मुलगी वारली.

जेवणाच्याच दिवशी चौकशीला माणसं आली, तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. आमची पातेली रोजच्या सवयीने हॉलवरच घासून झाली होती. तिचं ताट तेवढं सापडलं. त्यात बदामाचा अंश निघाला, काजूचाही निघाला. आणि केकवाल्याने लिहून दिलं की त्याच्याकडे सगळा सुकामेवा एकाच ओट्यावर चिरतात. म्हणजे कुठून काय आलं ते कागदावर कोणालाच सांगता येईना.

आम्हा दोघांना येत होतं.

विमा कंपनीने वकील दिले. माणूस सज्जन होता. स्वतःच्या थर्मासमधलं गरम पाणी प्यायचा, कोणाला दुखवून बोलायचा नाही. गॅरेजमध्ये स्टुलावर बसून त्यांनी ताईला विचारलं, "केक तुम्ही पुरवला होता?"

"नाही. पण ऐका ना, त्या दिवशी सकाळी क्रीम..."

त्यांनी तळहात वर केला. "ताई, मी जेवढं विचारतो तेवढंच सांगा."

"अहो, पण मला सांगायचंय."

"तेच सांगू नका." त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून आमचाच कागद काढला आणि एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. "विमाधारकाने कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, दिलगिरी व्यक्त करायची नाही, कोणतंही आश्वासन द्यायचं नाही. ही अट मोडली तर कंपनी हात वर करेल. मग उद्या जो काही निकाल लागेल तो तुम्हा दोघी बहिणींवर. बहिणीवरही, कारण धंदा त्यांच्याही नावावर आहे. समजतंय?"

ताईने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाली, "बहिणीशी बोललेलं चालेल ना?"

"त्यांची साक्ष होणार आहे. त्यांना जे ठाऊक आहे तेवढंच ठाऊक असू दे. मुळीच बोलू नका." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे कोण?"

"ड्रायव्हर," मी म्हटलं.

"तुम्हीही."

त्या दिवसापासून ताईच्या तोंडाला कुलूप लागलं. माझ्याही. फरक एवढाच की तिला ते टोचत होतं आणि मी, खरं सांगायचं तर, थोडा सुटलो होतो. वकीलच सांगतायत म्हटल्यावर मला विचार करायचं कारण उरलं नाही.

पाच आठवड्यांनी त्या मुलीची आई गॅरेजवर आली. भांडायला नाही. पायात चपला दोन जातीच्या होत्या, तिच्या ते लक्षातही नसावं. शटर अर्धं वर होतं. ताई कांदे चिरत होती, कारण दोन छोट्या ऑर्डरी अजून बाकी होत्या.

"मी तिची आई," बाई म्हणाली. "मला फक्त विचारायचं होतं. तिने काय काय खाल्लं? तिला आवडलं का? ती घरी नीट जेवत नसे."

ताईच्या हातात सुरी तशीच राहिली. ओठ हलले. वाटलं, आता ही बोलणार. आणि मला ठाऊक होतं, तिला सगळं आठवत होतं. दाराआडून तिने त्या मुलीला बघितलं होतं. त्या मुलीने सॉस दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

"वकिलांशी बोला," ताई म्हणाली.

"काय?"

"मला बोलता येत नाही. वकिलांशी बोला."

बाईने चिरलेल्या कांद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्हाला मुलं नाहीत वाटतं." आणि वाकून शटरखालून निघून गेली. ताईने तो कांदा पुरा चिरला. पुढचाही चिरला. मग पाटी उचलून सगळा कांदा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून चिरायला घेतला.

पण खरी परवड चिमणीची झाली. तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं की केकची सुरी तिने न पुसता भाजीच्या ताटाला लावली. नाहीतर केक कापलेल्या हाताने डाव धरला. एवढंच तिला सुचत होतं, कारण सॉसमध्ये तर काहीच नव्हतं. तिची बडबड थांबली. दिवसातून वीस वेळा हात धुवायची. बोटांची सालं निघाली.

"ताई, केक कापल्यावर मी सुरी पुसली होती ना गं? तू दारातच होतीस. पाहिलंस ना?"

"पुसली असशील," ताई म्हणायची.

"असशील म्हणजे?"

"जेव आता."

एकदा सकाळी ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली होती. अचानक म्हणाली, "दादा, तुम्ही भांडी उचलत होता. डाव कुठे होता हो? केकच्या ट्रेमध्ये होता का?"

मी आरशात बघून गाडी मागे घ्यायला लागलो. मागे घ्यायची काही गरज नव्हती. "आठवत नाही," मी म्हटलं.

आठ महिन्यांनी ती गेली. दुसऱ्या गावी, तीन तासांवर, एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात तिने काम धरलं. जाताना म्हणाली, "ताई, माझ्या हातचं कोणी खावं असं मला वाटत नाही." ताईने तिची पिशवी गाडीपर्यंत आणली. स्टँडवर पोचेपर्यंत मला तीनदा वाटलं, आता गाडी बाजूला घ्यावी आणि सांगून टाकावं. तिन्ही वेळा सिग्नल हिरवा होता.

ताई वकिलांना महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायची. "अजून किती दिवस?" ते शांतपणे सांगायचे, तारीख पुढे गेली. एकदा ती म्हणाली, "मला शिक्षा झाली तरी चालेल, पण बोलू द्या." ते म्हणाले, "ताई, तुम्हाला शिक्षा नाही होत. बिल होतं. ते भरणारे आम्ही आहोत."

दोन वर्षं आणि एक महिना. मग एक पत्र आलं. कोर्टाबाहेर तडजोड झाली होती. आमची विमा कंपनी, केकवाल्याची विमा कंपनी आणि हॉलवाले, सगळ्यांनी मिळून त्या घराला रक्कम दिली. पत्रात लिहिलं होतं, कोणत्याही पक्षाने चूक मान्य न करता प्रकरण मिटवण्यात आलं आहे. ताईच्या खिशातून एक पैसाही गेला नाही. एजंटने अभिनंदनाचा फोन केला. "बघा ताई, कागद कामाला आला की नाही?"

ताईने त्याच दिवशी मला बोलावलं. "दादा, आता माझ्यावर बंधन नाही ना?"

"नसावं," मी म्हटलं.

आधी आम्ही त्या आईकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर घर. जिन्यात ताई दोनदा थांबली. दार उघडलं, पण साखळी लावलेलीच राहिली. फटीतून अर्धा चेहरा दिसत होता.

"मी सांगायला आलेय," ताई म्हणाली. "सॉसमध्ये..."

"थांबा." आई घाबरून मागे सरली. "माझ्याकडून सही घेतलीय. दुसऱ्या पक्षाशी या विषयावर बोलायचं नाही. बोललं तर सगळं परत घेतील. तिचे बाबा अंथरुणाला खिळलेत, त्यांचं औषध त्यातूनच चालतं. तुम्ही जा."

"मी एकच वाक्य..."

"तेव्हा मी आले होते ना," ती बाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तेव्हा." आणि दार लागलं.

ताई त्या जिन्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं रडेल. नाही रडली. म्हणाली, "चला. चिमणीकडे."

धुलाईघर दवाखान्याच्या तळघरात होतं. वाफ, साबणाचा वास, मोठमोठ्या यंत्रांची घरघर. चिमणी एका लांब टेबलाशी उभी राहून चादरींच्या घड्या घालत होती. केस पांढरे झाले होते. चाळिशीही ओलांडलेली नव्हती. ताईला बघून तिने घडी घालणं थांबवलं नाही, पण टेबलाचा एक कोपरा मोकळा केला. बसायला नव्हे, नुसताच मोकळा केला.

ताईने उभ्याउभ्याच सांगितलं. क्रीम फाटलं. काजू आणले. तुला सांगायचं राहिलं. बर्फवाल्याचा फोन. मग वकील. मग वकील म्हणाले, तुझंही घर जाईल.

"माझं कुठलं घर?" चिमणी म्हणाली.

चिमणीने आणखी एक चादर घेतली. टोकं जुळवली. "म्हणजे सुरीचं काही नव्हतं."

"नव्हतं."

"डावाचं पण."

"नाही गं."

"मी रोज ती सुरी पुसते, ताई. रोज. स्वप्नात पण पुसते." तिने चादर खाली ठेवली. "तुला बोलता येत नव्हतं, कळलं. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली असतीस तरी मला पुरलं असतं. त्याला कुठला वकील आडवा आला असता?"

मग तिने माझ्याकडे बघितलं. "काजू कोणी आणले?"

"मी," मी म्हटलं.

"आणि मी गाडीत विचारलं तेव्हा?"

यंत्राचं चक्र संपलं आणि एकदम शांत झालं. तिने आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जा तुम्ही दोघं. माझी शिफ्ट आहे." आणि पुढची चादर ओढली.

परतताना ताई घराजवळ आल्यावर म्हणाली, "मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल." एवढंच.

विमा कंपनीने पुढच्या वर्षीचा कागद पाठवला, त्यात नवीन ओळ होती की सुकामेव्यामुळे झालेलं काहीही धरलं जाणार नाही. ताईने सही केली नाही. हॉलवाले विम्याशिवाय आत घेत नव्हते, आणि घेतलं असतं तरी ती गेली नसती. शेगड्या, पातेली एका कँटीनवाल्याने नेली. व्हॅन मी विकून दिली. मी आता सामान पोचवणाऱ्या कंपनीची गाडी चालवतो, खोकी कुठेही घसरली तरी कोणी विचारत नाही. गॅरेज परत गॅरेज झालं. ताई एका शाळेत भांडी घासते. भांडीच, स्वयंपाक नाही. त्यांनी विचारलं होतं, ती नको म्हणाली. घरी पाव आणि दूध यावर भागवते. रविवारी मी जातो तेव्हा आम्ही पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलतो.

गेल्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात भरती केली तेव्हा मी विचारलं, चिमणीला कळवू का? ती म्हणाली, नको. मी बाहेर येऊन फोन केला तरी.

चिमणीने सगळं ऐकून घेतलं. कुठला दवाखाना, कितवा मजला, डॉक्टर काय म्हणतात, सगळं विचारलं. मग म्हणाली, "जेवते का?"

"थोडं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ताई तिथे अकरा दिवस होती. भेटायच्या वेळेला मी रोज दरवाजाकडच्या बाजूला स्टूल घेऊन बसायचो. कोणी आलं नाही. बाराव्या दिवशी मी तिला घरी सोडलं, औषधं कपाटात लावली आणि कामावर गेलो.